फॅन्टॅस्टिक फोर

अतिमानवी शक्ती लाभलेल्या एका कुटुंबाच्या साहसांवरील अमेरिकन चित्रकथामालिका. लेखक-संपादक स्टॅन ली (१९२२–२०१८) व चित्रकार जॅक किर्बी (१९१७–९४) यांनी ती सुरू केली. पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ असे छापलेले असले, तरी तत्कालीन रिवाजानुसार तो आधीच, ऑगस्टमध्ये, विक्रीस आला होता. शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स, त्याची वाग्दत्त वधू स्यू स्टॉर्म, तिचा भाऊ जॉनी व वैमानिक मित्र बेन ग्रिम हे अंतराळात विश्वकिरणांच्या माऱ्यात सापडतात आणि चौघांनाही निरनिराळ्या शक्ती प्राप्त होतात. बेनला मात्र त्यासाठी माणसाचे रूप गमवावे लागते. हे नायक आपली ओळख लपवीत नाहीत व आपसांत भांडतात. पहिल्या दोन अंकांत त्यांना गणवेशही नव्हता. रीड व स्यू यांचा विवाह १९६५ च्या आणि पुत्र फ्रँकलिनचा जन्म १९६८ च्या वार्षिकांकात दाखविला आहे.

मालिकेच्या जनकत्वाचा प्रश्न वादग्रस्त आहे. प्रतिस्पर्धी प्रकाशनाच्या नायकसंघाचा खप पाहून मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचे प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी तशीच मालिका मागितली, असे ली सांगत. मात्र हा खप गुडमन यांना गोल्फ खेळताना कळला, हा या हकिकतीतील प्रसंग अभ्यासक सहसा ग्राह्य धरत नाहीत. पहिल्या अंकाच्या कथेचा लीने टंकलिखित केलेला आराखडा उपलब्ध आहे. अदृश्य होण्याची शक्ती लाभलेली स्यू त्यात कायमचीच अदृश्य राहणार होती. छापील कथेत तसे नाही. हा आराखडा किर्बीशी चर्चा होण्यापूर्वीचा की नंतरचा, हे त्यावरून ठरत नाही. किर्बीने पुढे मूळ कल्पना आपलीच असल्याचे सांगितले. त्याच्या १९५७ च्या ‘चॅलेंजर्स ऑफ द अननोन’ या मालिकेतही विमान-अपघातातून वाचलेले चार साहसी पुरुष आहेत, हे साम्य त्याच्या बाजूने जाते. संयुक्त कर्तृत्व मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण ‘मार्व्हल पद्धती’त चित्रकार त्रोटक कथासूत्रावरून पाने रचीत असे व संवाद नंतर लिहिले जात. १९६६ मधील गॅलॅक्टस या ग्रहभक्षकाच्या कथेत (अंक ४८–५०) फळीवरून अवकाशात विहरणारा सिल्व्हर सर्फर किर्बीने आपणहून चितारला होता, हे लीनेही मान्य केले आहे.

पहिल्या दोन अंकांत शाईकाम (पेन्सिलीने काढलेल्या चित्रांवर शाईने रेषा काढणे) करणाऱ्याचे नाव छापलेले नाही. पूर्वी डिक एअर्स, ख्रिस्तोफर रूल इत्यादी नावे सुचविली गेली; रेषांच्या तुलनेवरून अलीकडे जॉर्ज क्लाइन हे नाव बहुधा योग्य मानले जाते. अंक ४४ पासून जो सिनॉट नियमित शाईकाम करू लागला आणि रेषा रेखीव व चकचकीत झाली. बेनच्या रूपातील बदल यादृष्टीने लक्षणीय आहे. आरंभीच्या अंकांत त्याची त्वचा चिखलाच्या लगद्यासारखी ओबडधोबड दिसते. पुढे तिचे एकमेकींत बसविलेल्या दगडी फरश्यांत रूपांतर होते. ऊर्जेचे उद्रेक दाखविण्यासाठी किर्बी काळ्या गोल ठिपक्यांचे पुंजके वापरी. त्यांना ‘किर्बी क्रॅकल’ म्हणतात. मासिकांतील छायाचित्रे कापून केलेली त्याची चिकटचित्रे मात्र वृत्तपत्री कागदावरील छपाईत काळवंडली. मूळ फलकांवर ती कितीतरी प्रभावी वाटतात.

१०२ अंकांनंतर, १९७० मध्ये, किर्बी मार्व्हलमधून बाहेर पडला. त्याच्यानंतरचे चित्रकार जॉन रोमिटा व जॉन ब्युसेमा यांच्या अंकांतही शाईकाम दीर्घकाळ सिनॉटकडेच राहिल्याने मालिकेचे रूप एकदम पालटले नाही. १९८१–८६ या काळात जॉन बर्न याने लेखन व चित्रण दोन्ही केले.