उंदराला फॅटी लिव्हर जडवताना

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबीचे थेंब साठलेले दिसले, की त्या अवस्थेला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूला स्पर्शही न करणाऱ्या माणसांत ही चरबी पुढे दाह निर्माण करते आणि यकृतात व्रणासारखे तंतू माजू लागतात, याचे सविस्तर वर्णन मायो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी १९८० मध्ये केले. माणसात हा प्रवास अनेकदा काही दशके चालतो आणि त्याचा टप्पा खात्रीने ओळखायचा तर यकृताचा तुकडा काढून तपासावा लागतो. तशी तपासणी एकाच रुग्णावर पुन्हापुन्हा करता येत नसल्याने संशोधक उंदरांकडे वळतात. मात्र नेहमीच्या खाद्यावर वाढलेल्या साध्या उंदराला सहसा हा आजार होत नाही. तो जडवण्यासाठी काय खाऊ घालायचे हे माणसालाच ठरवावे लागते, आणि खरी मेख तिथेच आहे.

या प्रयोगांचे एक मूळ टोरांटोत सापडते. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेल्या चार्ल्स बेस्ट यांच्यासमोर एक कोडे होते: स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्सुलिनवर जगत, पण त्यांच्या यकृतात चरबी भरे. लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ दिल्यावर ती कमी होई. उंदरांच्या मोठ्या जातीवर, म्हणजे रॅटवर, केलेल्या प्रयोगांतूनही १९३२ मध्ये तेच दिसले आणि लेसिथिनमधला कोलीन हा घटक त्यामागे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. यकृत आपली चरबी सूक्ष्म कणांत बांधून रक्तात सोडते आणि त्या कणांच्या बाहेरच्या आवरणासाठी कोलीनपासून बनणारा स्निग्ध पदार्थ लागतो. आवरणच नसेल तर चरबी बाहेर पडू शकत नाही आणि यकृतातच साचत जाते.

आहारातून कोलीन आणि मेथिओनीन हे अमिनो आम्ल दोन्ही काढून टाकण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. काही आठवड्यांत उंदराच्या यकृतात चरबी आणि दाह दिसतो, तर आठ-दहा आठवड्यांत तंतूही दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी एखाद्या रुग्णाची वाटावी इतकी हुबेहूब असते. पण ती बाजूला ठेवून उंदराकडे पाहिले, तर तो झपाट्याने रोडावत चाललेला असतो, त्याची रक्तशर्करा वाढत नाही आणि त्याच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही शाबूत असतो. रुग्णात बहुधा याच्या उलट चित्र असते. भारतात दिसायला सडपातळ माणसांनाही फॅटी लिव्हर होते, म्हणून हा रोडका उंदीर आपल्याला चालेल, असे कोणाला वाटू शकेल. ते पटण्यासारखे नाही, कारण अशा माणसांच्या पोटात बहुधा चरबी साठलेली असते आणि त्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही.

दुसऱ्या टोकाला साठ टक्के उष्मांक चरबीतून देणारा आहार आहे. त्यावर उंदीर लठ्ठ होतो, इन्सुलिनला जुमानत नाही, यकृतात चरबीही येते. पण महिनोन्महिने वाट पाहूनही तंतू जेमतेमच दिसतात. म्हणजे एका आहारात शरीर चुकीचे आणि यकृत बरोबर, तर दुसऱ्यात नेमके उलटे.

मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले, त्यातला अमेरिकेतील सेंट लुईस येथील गटाचा २००८ मधला प्रयोग मला फार बोलका वाटतो. ट्रान्स फॅट असलेले खाद्य आणि फ्रुक्टोजयुक्त पाणी एवढ्यावर न थांबता या गटाने पिंजऱ्यावरची तारेची जाळीही काढून टाकली, म्हणजे उंदरांना चढउतार करायला काही उरू नये. अमेरिकी आहाराबरोबर अमेरिकी बैठी दिनचर्याही उंदराच्या माथी मारली गेली! अशा आहारांत पुढे फ्रुक्टोज आणि दोन टक्के कोलेस्टेरॉल रूढ झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये ट्रान्स फॅटचा मुख्य स्रोत असलेल्या अंशतः हायड्रोजनीकृत तेलांना सुरक्षित खाद्यघटकांतून वगळल्यावर प्रयोगशाळांनाही ट्रान्स फॅटऐवजी पाम तेलाकडे वळावे लागले. या आहारावर लठ्ठपणा आणि तंतू दोन्ही मिळतात, पण त्यासाठी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थांबावे लागते.

आहाराइतकीच खोलीही महत्त्वाची ठरते. प्रयोगशाळेचे साधारण २२ अंश सेल्सियस तापमान माणसाला सुखाचे असले, तरी उंदराला ३० अंशांच्या आसपास बरे वाटते, त्यामुळे तो कायम थंडीशी झगडत असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उबदार खोलीत ठेवलेल्या उंदरांचा आजार बळावला, आणि एरवी त्याला दाद न देणाऱ्या माद्यांमध्येही तो दिसला. शिवाय तुलनेच्या गटाला धान्याचे साधे खाद्य आणि प्रयोगाच्या गटाला शुद्ध घटकांपासून बनवलेले खाद्य दिले जाते, तेव्हा तंतुमय पदार्थांचे प्रमाणही बदलते आणि फरक चरबीमुळे पडला की चोथ्यामुळे, हे सांगणे कठीण होते.

उंदरांत आशादायक ठरलेली सेलोनसर्टिब आणि एलाफिब्रानॉर ही औषधे या आजाराच्या मोठ्या मानवी चाचण्यांत अयशस्वी ठरली, तर रेस्मेटिरोम या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आता काही गट औषध सुरू करण्यापूर्वीच उंदरावर छोटी शस्त्रक्रिया करून यकृताचा लहानसा तुकडा काढतात, त्यात तंतू दिसले तरच तो उंदीर चाचणीत घेतात आणि शेवटी त्याच उंदराच्या यकृताची पहिल्या तुकड्याशी तुलना करतात.