भूमिगत स्वयंचलित वाहनतळ : यंत्र जुने, गरज कायद्याची

स्वयंचलित वाहनतळ म्हटले की आपल्याकडे ते एकविसाव्या शतकाचे तंत्रज्ञान समजले जाते. प्रत्यक्षात मोटार यंत्राने उचलून रचून ठेवण्याची कल्पना मोटारीपेक्षा जेमतेम दोन दशकांनी लहान आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पॅरिसच्या र्यू द पाँत्यू या रस्त्यावर वास्तुविशारद ऑग्युस्त पेरे यांनी काँक्रीटचे बहुमजली गॅरेज बांधले. तेथे लिफ्टने वर नेलेली मोटार सरकत्या पुलावरून दोन्ही बाजूंच्या कप्प्यांपर्यंत पोहोचवली जाई. मोटारी तेव्हा मूठभर श्रीमंतांकडेच होत्या. पण शहराच्या मध्यभागातली जमीन महाग होती आणि गाडी वर चढवण्यासाठी उताराचा रस्ता काढायचा, तर निम्मी जागा त्यातच जाणार, हे गणित तेव्हाही आजच्यासारखेच होते.

न्यूयॉर्कमध्ये १९२८ च्या सुमारास या कल्पनेने व्यवसायाचे रूप घेतले. ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळच्या केंट ऑटोमॅटिक गॅरेजमध्ये चोवीस मजल्यांवर हजारभर मोटारी मावत. विजेवर चालणारी एक बुटकी गाडी मोटारीखाली शिरून तिचा मागच्या चाकांना जोडणारा आस पकडी आणि तिला ओढत लिफ्टमध्ये व तेथून कप्प्यात नेऊन ठेवी. चालकाने आत पाऊल टाकण्याची गरजच नव्हती. आजच्या शटलमध्ये, म्हणजे मोटार कप्प्यापर्यंत नेणाऱ्या यांत्रिक गाडीत, तत्त्व तेच आहे, बदल झाला तो संवेदक आणि संगणक यांचा. मात्र लगेचच आलेल्या महामंदीत हा व्यवसाय बुडाला. कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरची त्याच कंपनीची दुसरी इमारत पुढे गोदाम झाली आणि नंतर तिच्यात चक्क सदनिका निघाल्या.

युद्धोत्तर काळात ब्रिटनने केलेला प्रयत्न तर फसलाच. लंडनच्या वुलिच भागात १९६१ मध्ये राजकन्या मार्गारेट यांच्या हस्ते सुमारे अडीचशे मोटारींच्या यांत्रिक वाहनतळाचे उद्घाटन झाले, पण ते यंत्र कधी धड चाललेच नाही आणि लवकरच ते पाडून टाकावे लागले. रस्त्याच्या कडेला फुकट किंवा नाममात्र दरात गाडी लावता येत असेल, तर नादुरुस्त यंत्राची वाट पाहत कोण थांबणार, हा प्रश्न त्या काळच्या पाश्चात्त्य शहरांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

जपानने तो विचारला, आणि उत्तर यंत्रात न शोधता कायद्यात शोधले. १९५७ च्या वाहनतळ कायद्याने मोठ्या इमारतींवर स्वतःच्या वाहनतळाची सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. १९६२ च्या कायद्याने मोटार बाळगणाऱ्याने रस्त्याबाहेर हक्काची जागा दाखवणे बंधनकारक झाले. ही जागा सुरुवातीला घरापासून पाचशे मीटरच्या आत असावी लागे. पुढे ती मर्यादा दोन किलोमीटर झाली. जागेची खातरजमा पोलीस करतात, आणि रात्री आठ तासांहून अधिक काळ रस्त्यावर गाडी उभी ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. रस्ता असा बंद झाल्यावर अरुंद भूखंडांवर यांत्रिक मनोरे आणि तळघरातले सांगाडे उभे राहणे ओघानेच आले. त्यांचा प्रभाव इतका खोलवर गेला की, जुन्या यांत्रिक वाहनतळांची १,५५० मिलिमीटर उंचीची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून तेथील कंपन्यांनी काही मोटारींची उंची ठरवली.

जमिनीखाली जाण्याचे कारण वेगळे आहे. चौक, बाग किंवा वारसा इमारतींचा परिसर असेल तर वर मनोरा बांधता येत नाही, आणि साधे तळघर खणायचे तर उतार, वळणे, माणसांच्या वाटा, दिवे आणि धूर बाहेर काढण्याची मोठी व्यवस्था यांतच खर्च वाढतो. यंत्राच्या तळघरात इंजिन बंद असते आणि माणूस सहसा जात नाही, त्यामुळे मजले बुटके ठेवता येतात आणि तेवढ्याच खड्ड्यात जास्त मोटारी मावतात. चालक गाडी रस्त्याच्या पातळीवरील कक्षात आणतो, संवेदक तिची लांबी, रुंदी, उंची मोजतात, आत कोणी राहिलेले नाही याची खात्री होते, दार मिटते आणि पॅलेटसह, म्हणजे मोटार ज्यावर उभी असते त्या सपाट फळीसह, मोटार खाली उतरते. जपानच्या गिकेन कंपनीने हेच तत्त्व सायकलींसाठी जमिनीत उतरवलेल्या नळकांड्यासारख्या विहिरीत वापरले. एका विहिरीत २०४ सायकली राहतात.

अडचण येते ती परत काढताना. एका लिफ्टला एक मोटार आणायला दोन मिनिटे लागत असतील, तर तासाला तीसच गाड्या बाहेर पडणार. दोनशे गाड्यांना साडेसहा तासांहून अधिक वेळ लागेल. सरकारी कचेऱ्या एकदम सुटण्याची वेळ आठवली म्हणजे याचा अर्थ कळतो. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे डॉक-वन या ग्रंथालयाखाली २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुमारे हजार मोटारींच्या स्वयंचलित वाहनतळात म्हणूनच एकाऐवजी अनेक कक्ष ठेवलेले आहेत. निविदेत मोटारींची संख्या ठळक अक्षरांत असते, ताशी किती बाहेर निघतील हे शोधावे लागते. माझ्या मते खरी क्षमता ती दुसरी.

दुसरा धोका मालकीचा. अमेरिकेत न्यू जर्सीमधील होबोकेन शहराने २००२ मध्ये तीनशेहून अधिक मोटारींचा स्वयंचलित वाहनतळ सुरू केला. २००६ मध्ये चालवणाऱ्या कंपनीशी करारावरून वाद झाला. इमारत शहराची होती, पण यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर कंपनीने हक्क सांगितला, आणि तडजोड होईपर्यंत लोकांच्या मोटारी काही दिवस आत अडकून पडल्या.

भारतात कोलकात्याच्या रॉडन स्ट्रीटवर २००१ च्या सुमारास यांत्रिक वाहनतळ आला. मुंबईत २००८ च्या सुमारास विकास नियंत्रण नियमावलीत सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, देण्याची तरतूद झाली, आणि वाहनतळाचा हिशेब इमारतीच्या उंचीशी जोडला गेला. भुलाभाई देसाई मार्गावरील एकवीस मजली, २४० मोटारींचा मनोरा २०२१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर महापालिकेने हुतात्मा चौकात भूमिगत शटल वाहनतळाची योजना आखली. मुंबादेवी मंदिराजवळच्या प्रस्तावाला मात्र स्थानिकांनी विरोध केला.

सामान्य मुंबईकर किंवा पुणेकर यांचा या यंत्राशी संबंध येतो तो सोसायटीतल्या स्टॅक (गाडीवर गाडी रचणाऱ्या) किंवा पिट (खालची गाडी खड्ड्यात उतरवणाऱ्या) पार्किंगमुळे. खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचते, पंप बंद असला तर खालची गाडी काढायची कशी यावरून शेजाऱ्यांत वाजते, आणि हॅचबॅकच्या मापाने बसवलेल्या पॅलेटवर आजची उंच, वजनदार एसयूव्ही बसत नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये विक्री करारासोबत पार्किंगच्या जागेची लांबी, रुंदी, उंची नोंदवणे बंधनकारक केले ते अशाच तक्रारींतून. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी जागेच्या प्रमाणपत्राशिवाय नवी मोटार नोंदवू नये, असा प्रस्ताव मांडला, म्हणजे जपानची १९६२ सालची वाट. तो अमलात यायचा असेल, तर बंद पडलेल्या स्टॅकमधला कप्पा हक्काची जागा म्हणून धरायचा की नाही, आणि ती तपासणार कोण, हे नियमात आधी लिहावे लागेल.