संमोहन उपचारांविषयीचे गैरसमज : पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ‘संमोहन’ हा शब्द सर्वसामान्य वाचकाला बहुधा गुन्हेवृत्तात भेटतो. बसस्थानकाजवळ ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे चोऱ्या होत आहेत, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असे सांगून एखाद्या वृद्धेचे गंठण लांबवले जाते आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘संमोहित करून’ असे छापून येते. हा गुन्हा भीती, घाई आणि तोतयेगिरी यांच्या बळावर घडतो. अनोळखी माणसाने रस्त्यात क्षणभर पाहून कोणाची इच्छाशक्ती काढून घ्यावी, असे सामर्थ्य संमोहनात नाही. तरीही घरचे लोक ‘आईला भुलवले’ असे म्हणतात, कारण त्यामुळे फसल्याचा बोल तिला लागत नाही.

या समजाची मुळे जुनी आहेत. पॅरिसमध्ये १७८४ साली राजाज्ञेने नेमलेल्या आयोगाने संमोहनाचे पूर्वरूप असलेल्या त्या काळच्या ‘चुंबकीय’ उपचारांची तपासणी केली, शरीरात वाहतो असे मानल्या गेलेल्या चुंबकीय द्रवाचे अस्तित्व नाकारले आणि दिसणारा परिणाम रुग्णाच्या कल्पनाशक्तीचा असल्याचे नोंदवले. बंगालमध्ये हुगळी येथे एका स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८४५ पासून वेदना जाणवू नयेत म्हणून याच पद्धतीचा आधार घेऊन मोठ्या शस्त्रक्रिया केल्या, परंतु लगोलग ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भुलीची औषधे आल्याने ती पद्धत मागे पडली. लोकांच्या नजरेसमोर मग राहिला तो रंगमंच.

नाट्यगृहांत आणि गणेशोत्सवाच्या मंडपांत झालेले संमोहनाचे प्रयोग अनेकांना आठवत असतील. प्रयोगकार सर्व प्रेक्षकांना दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवायला सांगतो, ती आता सुटणार नाहीत असे पुनःपुन्हा बजावतो आणि ज्यांची बोटे खरोखरच अडकून राहतात त्यांनाच मंचावर बोलावतो. म्हणजे सूचना सहज स्वीकारणारी, शिवाय चारचौघांत भाग घ्यायला राजी असलेली माणसे आधीच निवडली गेलेली असतात. प्रेक्षकाला मात्र यात प्रयोगकाराची शक्ती दिसते. हे दृश्य लहानपणी पाहिलेला माणूस पुढे डॉक्टरांनी सुचवलेला उपचारही ‘मी शुद्धीत राहणार नाही, नको ते बोलून जाईन’ या भीतीने नाकारतो. वस्तुतः संमोहनावस्था ही झोप नव्हे. रुग्णाला बाजूचे आवाज ऐकू येतात आणि त्याला वाटल्यास तो डोळे उघडून उठू शकतो.

गेल्या दोन दशकांत सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज मात्र एका सरकारी आदेशाच्या अर्धवट वाचनातून निर्माण झाला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या १९९८ मधील निर्देशानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पर्यायी उपचारपद्धतींच्या छाननीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. रेकी, चुंबकचिकित्सा, रत्नचिकित्सा, स्वमूत्रोपचार, इलेक्ट्रोपथी अशा अनेक पद्धती तिच्यापुढे होत्या. २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशानुसार यांपैकी कोणत्याही पद्धतीला स्वतंत्र वैद्यकप्रणाली म्हणून मान्यता मिळाली नाही. अॅक्युपंक्चर आणि संमोहन यांना केवळ उपचाराची एक रीत मानून नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी त्यांचा वापर करण्यास मुभा देण्यात आली. त्याच आदेशात राज्यांना असेही कळवले होते की, मान्यतेची शिफारस नसलेल्या शाखांच्या पदव्या-पदविका दिल्या जाऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त प्रणालींच्या व्यावसायिकांनीच लावावी.

संमोहन उपचार करणाऱ्यांच्या फलकांवर यातला पहिला अर्धा भाग ‘शासनमान्य’ या एका शब्दात उतरला आणि दुसरा अर्धा गळून पडला. काही दिवसांच्या वर्गानंतर प्रमाणपत्र, प्रमाणपत्रानंतर नावामागे उपाधी आणि उपाधीनंतर नैराश्यापासून वंध्यत्वापर्यंत सर्व व्याधींवर उपचार, असा क्रम रूढ झाला. याचा दोष आदेशाकडेही जातो, कारण ‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे किती काळाचे आणि कोणी दिलेले, हे त्याने ठरवून दिले नाही. मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले असल्याने जत किंवा पाटणसारख्या तालुक्यांत प्रशिक्षित समुपदेशकांना वाव हवा, असे या मुभेचे समर्थक सांगतात. गरज खरी आहे, पण तिच्या नावाखाली निदानाचा अधिकार कोणालाही देता येत नाही. अॅक्युपंक्चरला पुढे २०१९ मध्ये स्वतंत्र प्रणालीचा दर्जा मिळाला, संमोहनाला मात्र नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिकांची व्याख्या आहे. तीत मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते येतात. संमोहनाच्या निव्वळ प्रमाणपत्राला तीत स्थान नाही.

साताऱ्यात अंधश्रद्धा आणि व्यसन या दोन्ही आघाड्यांवर काम उभे करणारे डॉक्टर-कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे गुन्हा ठरवलेल्या कृत्यांच्या यादीत, संमोहनाचा उल्लेख नाही, आणि तो नसणे योग्यच आहे. तथापि, संमोहनातून पूर्वजन्म ‘आठवून देणारे’ या मोकळ्या जागेचा लाभ घेतात. संमोहनाने आठवणींची अचूकता वाढत असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्या खऱ्या असल्याची खात्री मात्र वाढते, आणि सुचवलेला प्रसंग माणूस स्वतःचा म्हणून सांगू लागतो.

उपयोगाच्या बाजूनेही पुरावा आहे. १२ महिने औषधांनी गुण न आलेल्या आयबीएस या आतड्याच्या विकारात संमोहनाचा विचार करावा, अशी शिफारस ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनी २००८ मध्ये केली. वेदना आणि शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता कमी करण्यासाठीही ते पूरक ठरते. धूम्रपानाबाबत चित्र वेगळे आहे. २०१९ च्या पद्धतशीर आढाव्यात ते अन्य उपायांपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. ‘एका बैठकीत दारू बंद’ ही जाहिरात तर धोकादायक आहे, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक सोडल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, झटके आणि भ्रम होऊ शकतात, आणि ते जिवावरही बेतू शकते. त्या दिवसांत रुग्णाला औषधांची आणि वैद्यकीय देखरेखीची गरज असते.