राखीव प्रशासकीय वेळ (वैद्यकीय निवासी प्रशिक्षण)

निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी ज्या डॉक्टरांवर असते, त्यांना रुग्णसेवेतून मोकळे करून त्या कामासाठी दिलेले आठवड्यातले तास म्हणजे राखीव प्रशासकीय वेळ. ही संकल्पना मुख्यतः अमेरिकेत रुजली. तिथे प्रत्येक रेसिडेन्सीला, म्हणजे निवासी प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला, एक प्रोग्राम डायरेक्टर असतो आणि तो स्वतः रुग्णही तपासतो. महाराष्ट्रात एम.डी., एम.एस.ची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. अमेरिकेत विशेषज्ञतेची परीक्षा त्या त्या विषयाचे बोर्ड घेते, पण हा डॉक्टर स्वतंत्रपणे रुग्ण सांभाळू शकेल, अशी लेखी ग्वाही डायरेक्टरलाच द्यावी लागते. या एका सहीमागे तीन-चार वर्षांची नजर असावी लागते.

काम वर्षभर पुरते. हिवाळ्यात नव्या उमेदवारांच्या मुलाखती, मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी ‘मॅच’चा, म्हणजे कोणता उमेदवार कुठल्या रेसिडेन्सीत जाणार याचा निकाल, जुलैत नवी तुकडी. एरवी ड्युटीचे वेळापत्रक, मूल्यमापन समितीच्या बैठका, मान्यतेची कागदपत्रे. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा 2003 मध्ये देशभर आली. ती पाळली जाते का, हे पाहणेही डायरेक्टरकडेच आले. शिवाय वेळापत्रकात न बसणारे काम असते. रात्रपाळीत रुग्ण दगावल्यावर सकाळी दारात येऊन उभा राहिलेला पहिल्या वर्षाचा डॉक्टर ‘दोन मिनिटं बोलू का?’ असे विचारतो, तेव्हा तासभर तरी बसावे लागते. माझ्या मते या पदाचा गाभा तोच आहे आणि वेळ कमी पडला की पहिला बळी त्याचाच जातो.

शिकागोस्थित एसीजीएमई ही रेसिडेन्सींना मान्यता देणारी संस्था (स्थापना 1981) किमान वेळ ठरवून देते. तो विषयानुसार आणि जागांच्या संख्येनुसार बदलतो. इंटर्नल मेडिसिनमध्ये दहापेक्षा जास्त जागा असतील, तर डायरेक्टरचा किमान अर्धा वेळ राखावा लागतो.

मात्र कागदावर राखलेला वेळ हातात पडतोच असे नाही. अनेक रुग्णालयांत डॉक्टरांचा मोबदला ‘आरव्हीयू’ या एककात मोजलेल्या रुग्णसेवेवर ठरतो. प्रशिक्षणाच्या कामाला त्यात मोल नाही. ओपीडी अर्धी केली पण आरव्हीयूचे लक्ष्य तेवढेच ठेवले, किंवा प्रशिक्षणासाठी राखलेल्या दुपारचे रुग्ण पाहायला दुसरा डॉक्टर नेमलाच नाही, तर राखीव दुपार रुग्णांतच जाते आणि मूल्यमापनाचे अर्ज रात्री घरी, मुले झोपल्यावर भरले जातात.

बर्नआउटची वाट इथूनच सुरू होते. हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये या अर्थाने रूढ केला. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगे मांडली: भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही. आयसीडी-11 या तिच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद कामाशी निगडित स्थिती अशी आहे. म्हणूनच डायरेक्टरला योगवर्गाला पाठवणे हा अपुरा उपाय आहे. बदल कामाच्या वाटणीत करावा लागतो: सहायक डायरेक्टर, पूर्णवेळ समन्वयक आणि ओपीडीत बदली डॉक्टर.

ब्रिटनमध्ये हा हिशेब कन्सल्टंटच्या, म्हणजे रुग्णालयातल्या वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरच्या, करारातच आहे. 2003 च्या करारानुसार आठवडा साधारण चार-चार तासांच्या दहा भागांचा असतो आणि त्यातले अडीच भाग शिकवणे, स्वतःचा अभ्यास अशा कामांसाठी धरले गेले. एका प्रशिक्षणार्थीमागे आठवड्याला पाव भाग, म्हणजे एक तास, हे तिथले रूढ प्रमाण आहे. पाच प्रशिक्षणार्थी असतील, तर पाच तास आधीच वेळापत्रकात लिहिलेले असतात.