अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स: पात्रता, लायसन्स आणि कागदपत्रं

ट्रॅव्हल नर्सिंग म्हणजे एजन्सीमार्फत मिळणारी, साधारण १३ आठवड्यांची नेमणूक. बहुतेक ठिकाणी आठवड्याला १२ तासांच्या तीन ड्युट्या असतात.

या कामासाठी वेगळा व्हिसा नाही. ग्रीन कार्ड हवं, नाहीतर कुठल्याही मालकाकडे नोकरीची मुभा देणारा परवाना. नवऱ्याच्या एच-१बीमुळे (नोकरीचा व्हिसा) एच-४ वर (जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या नर्सला, त्याची आय-१४० (मालकाने त्याच्या ग्रीन कार्डसाठी भरलेली याचिका) मंजूर असेल तर, एच-४ ईएडी म्हणजे कामाचा परवाना मिळू शकतो आणि त्यावर हे काम करता येतं. ‘व्हिसासकट थेट ट्रॅव्हल नर्स’ म्हणत पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

लायसन्स राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं. त्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची कागदपत्रं बहुधा ट्रुमेरिट (पूर्वीचं सीजीएफएनएस) या परदेशी नर्सची कागदपत्रं पडताळणाऱ्या अमेरिकी संस्थेकडून तपासून घ्यावी लागतात. ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजकडून आणि नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट जावी लागते. तुम्ही स्वतः पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. नंतर एन्क्लेक्स-आरएन ही लायसन्ससाठीची परीक्षा: पाच तास, ८५ ते १५० प्रश्न, फी २०० डॉलर. मुंबईतही केंद्र आहे, मात्र अमेरिकेबाहेर परीक्षा दिली तर आणखी १५० डॉलर लागतात.

आपल्याकडच्या मुलींचं घोडं अडतं ते नावावर. मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. एन्क्लेक्सची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा. नाव जुळलं नाही तर केंद्रावर आत घेत नाहीत आणि फीही बुडते. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत, हे सगळं कॉलेजला पत्र लिहायच्या आधीच जमवून ठेवा.

४० हून अधिक राज्यं नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचं लायसन्स मानण्याच्या करारात आहेत. त्यातल्या एखाद्या राज्यात तुमचं कायमचं घर असेल, तर एकाच बहुराज्य लायसन्सवर बाकीच्या सदस्य राज्यांत काम करता येतं. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर आणि बोटांचे ठसे घेऊन होणारी गुन्हे-पडताळणी लागते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यात नाहीत; तिथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

एजन्सी सहसा त्याच विभागातला एक-दोन वर्षांचा ताजा अनुभव मागते. बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाचं प्रमाणपत्र) लागतंच, आयसीयूसाठी एसीएलएसही (हृदयविकाराच्या आणीबाणीतलं प्रगत प्रमाणपत्र). शिवाय वरिष्ठांची शिफारस, गोवर-कांजिण्या-हिपॅटायटिस बीच्या लसींचे पुरावे आणि टीबीची तपासणी. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो आणि त्या लसीमुळे त्वचेवरची टीबी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा रक्तावरची आयजीआरए चाचणीच मागून घ्या, म्हणजे उगाच एक्स-रेचा फेरा पडत नाही.

सही करण्याआधी करारात तीन गोष्टी शोधा: किती तासांची हमी आहे, हॉस्पिटलने मधेच करार रद्द केला तर काय मिळणार, आणि दुसऱ्या वॉर्डात किती वेळा पाठवणार. राहण्या-जेवण्याचा भत्ता करमुक्त असल्याचं रिक्रूटर सांगतात, पण दुसरीकडे तुमचं करासाठी मान्य होणारं घर असेल आणि तिथलाही खर्च चालू असेल तरच तो करमुक्त धरतात. भाड्याच्या आणि विजेच्या पावत्या जपून ठेवा.