गारगोटीला घाट आणि झिलई : खान्देशातील हातकाम

अकीक, कॅल्सेडनी, सूर्यकांत म्हणजे जॅस्पर, आणि साधी पांढरी गार म्हणजे क्वार्ट्झ या एकाच कुळातल्या लहान खड्यांना यंत्राशिवाय, कुरुंद, पाणी आणि चामडे यांच्या जोरावर घाट देऊन चकाकी आणण्याचे काम. पश्चिम भारतात या कामाचा विषय निघाला की गुजरातेतल्या खंभातचे नाव येते आणि ते योग्यच आहे. पण ज्या दगडावर हे काम चालते तो जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, म्हणजे खान्देशात, नाल्यानाल्यांत पडलेला आहे. नवशिक्याला पहिले काही खडे बिघडवावेच लागतात आणि इथे बिघडलेला खडा नाल्यात टाकून दुसरा उचलता येतो. शिकायला याहून सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही.

दगड कुठून आला

खान्देशाचा पाया काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि भिंतीवर पातळ पापुद्रे चढत गेले. अकीक कापल्यावर दिसणारे पट्टे ते हेच. बाहेरचा पाषाण झिजून मुरूम झाला, पण आतली गाठ झिजली नाही. ती सुटी होऊन ओढ्यात आली आणि ओढ्यातून नदीत.

तापीच्या काठावर मात्र दगड शोधत फिरण्यात अर्थ नसतो. तिथे गाळाची जाड काळी जमीन आहे, कपाशी आणि केळीची. गारगोट्या हव्यात तर उपनद्यांच्या वरच्या अंगाला जावे : सह्याद्री आणि अजिंठ्याच्या डोंगरांतून येणाऱ्या पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर यांच्या पात्रांत. पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास, नव्याने उघड्या पडलेल्या वाळूत हे दगड उत्तम दिसतात. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असावे आणि सूर्याकडे तोंड करून चालावे. कॅल्सेडनीचा तुकडा मेणबत्तीच्या मेणासारखा आतून उजळतो, बाकीचे खडे मुके राहतात.

याच पोकळ्यांत दुसरेही काही तयार झाले आहे. स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारख्या स्फटिकांमुळे जळगावचे नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहे, आणि सावद्याच्या खाणीतले नमुने त्यांच्या कपाटांत मानाने ठेवलेले असतात. नवशिक्याला हे स्फटिक घासून चमकवावेसे वाटतात. तसे करू नये. स्टिल्बाइट नरम असतो आणि ठरावीक पातळीवर पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय निसर्गाने त्याला जे पैलू दिले आहेत ते कुठल्याही हाताला जमणारे नाहीत.

जुने हात

या भागात माणूस गारगोटीला फार आधीपासून ओळखतो. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगातील कॅल्सेडनी आणि जॅस्परची पातळ पात्यांची हत्यारे मिळाली. तिथेच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडाही सापडला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा धरला जातो. नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे येथे, तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. गिरणेकाठच्या बहाळचेही उत्खनन त्याच दशकातले. ताम्रपाषाण काळापासूनच्या अशा वस्त्यांमध्ये अकीकासारख्या कठीण दगडाचे मणी घडवणे आणि वापरणे ही ओळखीची गोष्ट होती.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. पावसानंतर अशा पांढरीवर मणी वर येतात आणि येणारी-जाणारी मुले ते खिशात घालतात. घासायला दगड हवा म्हणून पांढरीवर जाऊ नये. तिथला मणी कुठल्या थरात होता यावरच त्याची सारी किंमत असते. पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ते करू नये. पात्रात लाखो गारगोट्या आहेत.

टाकीचा दगड आणि घासण्याचा दगड

खान्देशी घरात दगड म्हटले की जाते, पाटा-वरवंटा, उखळ. हे सारे काळ्या पाषाणाचे आणि टाकीवर घडलेले. पाथरवट छिन्नी लावतो, हातोडी मारतो आणि कण सुटत जातो. त्यामुळे नवशिक्या गारगोटीलाही छिन्नी लावायला जातो. गारगोटी तशी ऐकत नाही. तिला फटका बसला की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गोलसर खपली उडते, तीही हव्या त्या जागची नव्हे. त्या धारेने बोट सहज कापते. खंभातचे कारागीर लोखंडी मेखेवर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने हळूहळू खपल्या काढतात, पण तो हात वर्षांनी येतो. नवशिक्याने घासूनच आकार द्यावा.

कठीणपणाचा अंदाज आधी घ्यावा. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये लावलेल्या दहा पायऱ्यांच्या श्रेणीत गार सातव्या पायरीवर येते, अकीक साडेसहा ते सात, चाकूचे पोलाद आणि काच साडेपाचच्या आसपास. त्यामुळे दगडाने बाटलीच्या काचेवर ओरखडा काढून पाहावा. ओरखडा खोल, पांढरा उमटला तर दगड आपल्या कामाचा. चाकूनेच दगडावर चरा पडला तर तो कॅल्साइट किंवा एखादा नरम स्फटिक. अहिराणी बोलणारा एखादा म्हातारा गुराखी गारगोटी हातात तोलून "हाऊ दगड पक्का शे" म्हणतो. चकमकीने ठिणगी पाडण्यासाठी गार निवडणाऱ्यांना ही पारख होती. अंधारात दोन गारा एकमेकींवर जोरात घासल्या तर त्या आतून फिकट उजळतात. खेड्यातल्या मुलांचा हा जुना खेळ.

गारेपेक्षा कठीण असे काही हाताशी असल्याशिवाय ती झिजत नाही. पूर्वी हे काम कुरुंद करत असे. त्याची पायरी नववी, आणि इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही आपल्याकडच्या कुरुविंद-कुरुंदावरूनच गेला आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले आणि 'कार्बोरंडम' बाजारात आले. आज हत्यारांच्या दुकानात मिळणारा काळपट-हिरवा निसणा, मोटारी रंगवणाऱ्यांकडचा काळा वॉटर पेपर आणि सुटी पावडर ही सगळी त्याचीच रूपे.

घासणी

सुपारीएवढा, चपटा, भेग नसलेला दगड घ्यावा. पाण्यात भिजवून उजेडासमोर धरला की आतली भेग आरशाच्या चिरीसारखी चमकते. असा दगड कितीही देखणा असला तरी सोडावा. निसण्यावर भरपूर पाणी ठेवून दगडाचा तळ आधी सपाट करायचा. हात गोल फिरवावा, एकाच जागी पुढे-मागे करू नये, नाहीतर निसण्याला खळगा पडतो आणि दगडाला पोट येते. तळ झाला की शिसपेन्सिलीने त्यावर बाह्यरेषा काढून कडा घ्याव्यात, मग वरची बाजू घुमटासारखी गोल करत न्यावी. हाच कॅबोशॉन घाट. पैलू पाडण्याच्या नादाला सुरुवातीला लागू नये. गारेत मागचे पैलू साधारण ४२ अंशांच्या आसपास बसले नाहीत तर उजेड खालून निसटून जातो आणि खडा काचेच्या तुकड्यासारखा दिसतो. तो कोन नुसत्या हाताने राखणे कठीण असते.

लहान खडा बोटांत धरवत नाही, म्हणून तो लाखेच्या काडीवर चिकटवतात. दगड हळूहळू कोमट करावा, लाख वितळवून काडीच्या टोकाला घ्यावी आणि दगड बसवावा. थंड दगडावर लाख धरत नाही आणि एकदम तापवलेला दगड तडकतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना काडी उन्हात विसरू नये, लाख मऊ पडून खडा कलतो.

पुढचे काम नंबरांचे : नंबर जितका मोठा तितका कण बारीक. १२० च्या जाड कणाने घाट आला की २२०, मग ४००, ६००, १२०० आणि शेवटी २००० किंवा ३०००. २२० च्या वॉटर पेपरचा कण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा, ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. १२०० चा जेमतेम १५. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवतो, एवढेच त्याचे काम. घाट फक्त पहिल्या दोन नंबरांतच देता येतो. १२०० वर आल्यावर एखादी कड वाकडी दिसली तर परत खाली उतरावे लागते. नंबर बदलताना घासण्याची दिशाही बदलावी, म्हणजे जुना ओरखडा नव्यांना आडवा जाऊन उठून दिसतो. नंबर बदलताना हात, नखे, खडा, काडी सगळे धुवावे आणि पाण्याचे भांडेही बदलावे. जाड कणांतला एक जरी नखात राहिला तरी तो तासाभराच्या कामावर रेघ ओढतो.

या सगळ्यात शिकण्याची खरी गोष्ट एकच आहे : खडा वाळवून पाहणे. ओला खडा नेहमी सुंदर दिसतो. पाणी ओरखड्यांत भरते, आणि पाण्याचा प्रकाश वाकवण्याचा गुण हवेपेक्षा गारेला जवळचा असल्याने ओरखडा दिसेनासा होतो. नवशिक्याला वाटते, झाले. प्रस्तुत नोंदलेखकाने पांझरेतला तपकिरी पट्ट्यांचा एक अकीक तीन संध्याकाळी घासून थेट चामड्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या झिलईपर्यंत, नेला. त्या तीन संध्याकाळी तो सतत ओला होता. शेवटी धोतराच्या फडक्याने कोरडा करून ट्यूबलाइटखाली धरला, तेव्हा मधल्या पट्ट्यावर १२० नंबरचे तीन समांतर ओरखडे जसेच्या तसे उभे. त्यांच्या सभोवती सगळीकडे चमक होती, म्हणून ते अधिकच ठळक दिसले. चामड्याने ते जात नाहीत, कितीही घासले तरी. खडा परत २२० वर न्यावा लागला.

म्हणून प्रत्येक नंबर संपला असे वाटले की खडा पुसावा, दोन मिनिटे वाऱ्यावर धरावा, उजेडात तिरपा फिरवावा. सगळी पृष्ठे सारखी धुरकट दिसली तरच पुढे जावे. धुरकटपणा एकसारखा असणे हेच त्या पायरीवरचे यश.

झिलईसाठी सिरियम ऑक्साइडची फिकट गुलाबी-तपकिरी पूड वापरतात, काचेला चकाकी देण्यासाठी वापरतात तीच. जुन्या चपलेचे चामडे फळीवर ताणून ठोकावे, पुडीची पातळ लापशी त्यावर चोळावी आणि दाबून घासावे. चामडे ओले असेपर्यंत फारसे घडत नाही. ते वाळत आले की खडा हाताला किंचित ओढ देतो, चिकटल्यासारखा होतो. झिलई त्याच क्षणी चढत असते. खड्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ, स्वच्छ कडांचे दिसू लागले की थांबावे.

धूळ

कोरडे घासणे कधीही करू नये. गारेची धूळ म्हणजे सिलिका. तिचे घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात रुततात आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर बरे करणारे औषध नाही. खंभातच्या अकीक कारागिरांनी आणि त्यांच्या शेजारपाजारच्यांनीही या रोगाची फार मोठी किंमत मोजली आहे. हाताने घासताना पाणी असले तर धूळ उडत नाही, पण सांडलेला रेंदा वाळला की तीच धूळ होते. म्हणून फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रेंदा मोरीत ओतू नये, बादलीत खाली बसू द्यावा. लहान मूल असलेल्या खोलीत हे काम मांडू नये. छोटे फिरते यंत्र घेतले तर पाण्याबरोबर एन-९५ मास्कही हवा.

वेज

मण्याला वेज, म्हणजे आरपार भोक, पाडणे हा शेवटचा आणि सर्वांत चिवट भाग. सुताराच्या सामत्यासारखे धनुकलीने फिरणारे साधन घ्यावे, टोकाला तांब्याची बारीक नळी बसवावी, तिच्यापाशी कार्बोरंडम आणि पाणी घालत राहावे. तांबे नरम असल्याने कण त्यात रुततात आणि तेच दगड कापतात. खंभातला कारागीर यासाठी दोन हिऱ्यांचे टोक वापरतो. भोक एका बाजूने आरपार नेऊ नये, पलीकडे पोहोचताना कडेची खपली उडते. अर्धे एकीकडून, अर्धे दुसरीकडून पाडावे. दोन्ही भोके मध्यावर नेमकी एका रेषेत भेटणे नवशिक्याला सहसा जमत नाही, आत एक बारीक पायरी राहते. मणी दिव्यासमोर धरला की ती दिसते. उत्खननांतल्या कित्येक जुन्या मण्यांतही ती तशीच दिसते.