सकाळी पोथी, दुपारी अन्नपेढी

जून उजाडला की अमेरिकेतल्या कितीतरी ज्यू घरांत मुलांच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या लावायची घाई उडते. पोरं उन्हाळी शिबिराला निघालेली असतात. काही शिबिरांत सकाळी धर्मग्रंथातला उतारा जोडीजोडीने वाचून त्यावर हुज्जत घालायची, दुपारी अन्नपेढीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-शिधा देणाऱ्या केंद्रात, खोकी भरायची किंवा वृद्धाश्रमात जायचं, असा दिवस असतो. त्या अभ्यासाच्या जोडीला ‘खेवरुता’ म्हणतात. अभ्यास मोठा की कृती, हा वादही तसा जुनाच. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात लोद गावातल्या एका माडीवर तो रंगतो. रब्बी (धर्मगुरू) तार्फोन म्हणतात कृती, रब्बी अकिवा म्हणतात अभ्यास. आणि सगळे मिळून कौल देतात अभ्यासाला, का, तर तो कृतीकडे नेतो म्हणून!

शिबिरं मात्र यातल्या कशासाठीच निघाली नव्हती. पूर्व युरोपातून आलेली कुटुंबं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहत. त्यांच्या मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून 1902 मध्ये कोल्ड स्प्रिंगजवळ ‘सरप्राइज लेक कॅम्प’ सुरू झाला. थोडक्यात, धर्मादाय. तिथे गेलेला, आजीने वाढवलेला एक पोरका मुलगा पुढे एडी कँटर या नावाने विनोदी नट म्हणून गाजला आणि त्याच शिबिरासाठी पैसे गोळा करू लागला.

धार्मिक शिक्षण शिबिरांत रुजलं ते पुढच्या काही दशकांत. 1947 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कॉनोव्हरला पहिलं ‘रामा’ शिबिर भरलं. तिथे हिब्रू वर्गापुरती नव्हती, रोजच्या बोलण्यात होती. जेवणघराला आजही ‘खदर ओखेल’च म्हणतात. युक्ती नामी आहे. भुकेल्या पोराला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

तोवर ज्यू कुटुंबं चाळवजा इमारती सोडून उपनगरांत स्थिरावत होती. घेणाऱ्यांची मुलं देणारी झाली. 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी गेलेल्या गोऱ्या तरुणांत ज्यूंचा भरणा मोठा होता. वीस वर्षांचा अँड्र्यू गुडमन तिथे पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी, 21 जूनला, मायकेल श्वर्नर आणि कृष्णवर्णीय सहकारी जेम्स चेनी यांच्यासह कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी त्याला ठार मारलं. त्याच दशकात रिफॉर्म या ज्यूंच्या उदारमतवादी पंथाच्या युवक संघटनेने किशोरांसाठी ‘मिट्झ्वा कोर’ हा सेवेचा उपक्रम चालवला.

या सगळ्याला पुढे एक नाव चिकटलं, ‘तिक्कुन ओलाम’, म्हणजे जगाची डागडुजी. मिश्ना या तालमूदच्या गाभ्यातल्या कायदेसंग्रहात हे शब्द येतात ते घटस्फोटपत्रासारख्या रुक्ष कायदेशीर बाबींच्या संदर्भात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्यांना समाजसेवेचा अर्थ आला, आणि आता ते शिबिराच्या टी-शर्टवरही छापलेले दिसतात.